रोबोची परीक्षा फरशीवर नको, वावरात घ्या

इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांत रोबोच्या, म्हणजे यंत्रमानवाच्या स्पर्धा भरतात, हे आता खेड्यातल्या माणसालाही नवीन राहिलेले नाही. कापूस-सोयाबीन विकून फी भरणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी अशा स्पर्धेच्या संघात असते. ही मुले चार-सहा महिने रात्री जागतात, मोटारी जोडतात, तारा जळतात, पुन्हा जोडतात. बक्षीस मिळाले की पेपरात फोटो येतो आणि गावाला आनंद होतो. पण पारावर बसलेला एखादा म्हातारा शेतकरी विचारतोच, "हे सगळं ठीक आहे बाबू, पण हे तुझं यंत्र आपल्या वावरात चालते का?"

हा प्रश्न कोणी थट्टेवारी नेऊ नये. रोबोच्या स्पर्धेबद्दल विचारण्यासारखा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. स्पर्धा बंद करा असे प्रस्तुत लेखकाचे मुळीच म्हणणे नाही, उलट त्या वाढाव्यात. पण त्यांचे मैदान बदलले पाहिजे. ज्या यंत्राची परीक्षा गुळगुळीत फरशीवर होते, ते यंत्र फरशीचेच होते. परीक्षा वावरात घेतली तर मुले वावराचे यंत्र बनवतील. या लेखात सांगायचे ते एवढेच.

स्पर्धेत असते तरी काय?

रोबो म्हटला की माणसासारखे हात-पाय असलेला पुतळा डोळ्यांसमोर येतो. स्पर्धेतला रोबो बहुधा तसा नसतो. ती एक गाडी असते. तिला चाके आणि मोटारी असतात, पुढचे पाहण्यासाठी यंत्राचे डोळे असतात आणि काय करायचे ते ठरवणारा छोटा संगणक असतो. दिलेल्या वेळात दिलेले काम करायचे, चुकले तर गुण कापायचे, असा हा खेळ.

आशिया-प्रशांत भागातील देशांची 'रोबोकॉन' ही विद्यार्थी स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. दरवर्षी यजमान देश आपल्या मातीतला विषय देतो. २००८ साली ही स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा विषय होता आपली दहीहंडी! २०२४ साली व्हिएतनाममध्ये झाली तेव्हा विषय होता भाताची सुगी. डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारखे मैदान केले होते. रोबोने आधी रोपे लावायची, मग भात काढायचा, पोचट दाणे बाजूला ठेवायचे आणि चांगला भात कोठीत भरायचा. सगळे तीन मिनिटांत.

वाचून बरे वाटते. पण या मैदानात रोप म्हणजे एक नळी होती आणि भात म्हणजे रंगीत चेंडू. चिखल नाही, तण नाही, वाकलेली लोंबी नाही. त्या मुलांच्या मेहनतीला नावे ठेवण्याचा यात हेतू नाही. तीन मिनिटांच्या खेळासाठी ती जेवढे गणित आणि जोडकाम शिकतात तेवढे चार पुस्तकांत मिळणार नाही. तरी पण ही सुगी फळीवरची सुगी झाली.

आपल्याकडे जिल्हा-तालुका पातळीवर जी प्रदर्शने भरतात, त्यांत तर पांढऱ्या फ्लेक्सवर काळी रेघ मारून तिच्यावरून चालणारा रोबो हमखास असतो. अशाच एका प्रदर्शनात एका शेतकऱ्याने मुलांना विचारले, "वावरात ही काळी रेघ कोण मारून देणार?" मुले हसली, पण उत्तर कोणाकडे नव्हते. खरे तर उत्तर आहे. वावरातली रेघ म्हणजे पिकाचे तास. ते ओळखणारा रोबो करायचा.

हॉलंडमधला मक्याचा प्लॉट

हे काम युरोपातील कृषी विद्यापीठांनी वीस वर्षांहून अधिक काळ चालवले आहे. हॉलंडमधील वागेनिंगेन हे शेतीशिक्षणाचे नावाजलेले ठिकाण. तेथील विद्यापीठाने २००३ साली 'फील्ड रोबो इव्हेंट' म्हणून विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू केली. पुढे ती जर्मनी, डेन्मार्क, स्लोव्हेनिया, इंग्लंड अशा देशांत फिरत राहिली. २०२१ साली करोनामुळे ती संगणकावरच्या शेतात घ्यावी लागली. एरवी तिचे मैदान म्हणजे खरोखर पेरलेला मका. स्पर्धेच्या वेळी मका वीतभर ते हातभर उंचीचा असावा, अशा हिशेबाने तो पेरतात.

दोन ओळींत अंतर ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट. मुलांनी आपला रोबो तासाच्या तोंडाशी ठेवायचा, बटण दाबायचे आणि मागे सरायचे. त्यापुढे हात लावला की गुण गेले. रोबोने झाडाला धक्का न लावता तासातून जायचे, धुऱ्यावर वळायचे आणि शेजारच्या तासात शिरायचे. ओळी मुद्दाम थोड्या वाकड्या ठेवतात. तीन मिनिटांत किती मीटर चालला ते मोजतात. मोडलेल्या झाडाचा दंड वेगळा.

दुसरे काम याहून अवघड. ओळीत मध्येच खाडे पाडलेले असतात. आपल्याकडे उगवण नीट झाली नाही की नांगे पडतात, तसे. शिवाय कोणत्या तासातून निघून कोणत्या तासात जायचे ते आधी कागदावर दिलेले असते. तिसरे काम तण ओळखण्याचे. काही वर्षी तणाच्या जागी रंगीत गोल्फचे चेंडू मातीत अर्धे पुरून ठेवले होते. रोबोने तेथे थांबून दिवा लावायचा किंवा भोंगा वाजवायचा, आणि पुढच्या पायरीला नेमके तेथेच पाणी फवारायचे. शेवटी एक काम ज्याने त्याने आपल्या मनाने करून दाखवायचे.

दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की येथेही तण म्हणून चेंडू ठेवला, म्हणजे थोडी सोय केलीच. पण माती खरी, ऊन खरे, झाड खरे. दुसरी ही की स्पर्धेनंतर संघांनी आपले यंत्र कसे बनवले ते लिहून द्यायचे आणि ते एकत्र छापायचे, अशी तेथे पद्धत आहे. त्यामुळे पुढच्या वर्षीचा नवा संघ शून्यापासून सुरुवात करत नाही. आपल्याकडे मात्र मुले पास होऊन गेली की रोबो कपाटात आणि त्याची विद्या त्यांच्याबरोबर पुण्या-मुंबईला!

यंत्र बनते कसे?

मी शेतीची पदविका घेतलेला माणूस, अभियंता नव्हे. तरी वावरात चालणाऱ्या रोबोत काय काय लागते, ते शेतकऱ्याला समजणार नाही असे मुळीच नाही. डवरा हाकणारा माणूस जे जे करतो, तेच रोबोला शिकवायचे असते.

आधी पाय. फरशीवर वीस किलोची गाडी ढकलायला अर्ध्या किलोच्या आसपास ओढ पुरते. तीच गाडी भुसभुशीत जमिनीत चार-पाच किलो ओढ मागते, म्हणजे दहापट. म्हणून फरशीवरच्या मोटारी वावरात जागच्या जागी तापून बसतात. चाक मोठे हवे, रुंद हवे, त्याला खाचा हव्यात आणि गाडीचे पोट जमिनीपासून वर हवे. नाही तर पहिल्याच ढेकळावर गाडी टेकते आणि चाके हवेत फिरतात. ७५ सेंटिमीटरच्या तासात चालायचे तर गाडी फार तर चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद असावी, कारण दोन्ही बाजूंना पानांसाठी जागा सोडावी लागते.

मग डोळे. साधा डोळा म्हणजे आवाजाने अंतर मोजणारे यंत्र. वटवाघूळ जसे आवाज सोडून परत आलेल्या आवाजावरून अंतर ओळखते, तसे हे चालते. शे-दोनशे रुपयांत मिळते, पण बारीक पानावरून आवाज नीट परत येत नाही आणि ते फसते. दुसरा डोळा लिडार. तो प्रकाशकिरण गोल फिरवतो आणि प्रत्येक दिशेला अडथळा किती अंतरावर आहे ते सांगतो. त्यावरून उजवीकडची ओळ आणि डावीकडची ओळ काढायची आणि मधोमध चालायचे. लहान लिडार दहा हजार रुपयांच्या आसपास येतो.

तिसरा डोळा कॅमेरा. कॅमेऱ्याच्या चित्रातील प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा रंग किती आहे ते संगणकाला कळते. हिरव्याची दुप्पट करायची आणि त्यातून लाल व निळा वजा करायचा. उत्तर मोठे आले तर ते झाड, लहान आले तर माती. हिशेब एवढा सोपा आहे की सातवीचे पोर करील. अडचण येते ती ऊन-सावलीची. ढग आला की रंग बदलतो, दुपारच्या उन्हात पान पांढरे चमकते. प्रयोगशाळेच्या ट्यूबलाइटखाली हे कधी दिसतच नाही.

चौथी गोष्ट वळणाची. तासातून चालणे त्यामानाने सोपे, धुऱ्यावर वळणे कठीण. धुऱ्यावर दोन्ही बाजूंना ओळ नसते, मग पाहायचे कशाकडे? मुले चाकाचे फेरे मोजतात. समजा, एका फेऱ्यात चाक त्रेसष्ट सेंटिमीटर जाते, तर शंभर फेऱ्यांत त्रेसष्ट मीटर जायला हवे. पण मातीत चाक घसरते. शंभरातले पंधरा फेरे घसरले तर यंत्राच्या हिशेबात त्रेसष्ट मीटर आणि प्रत्यक्षात साडेत्रेपन्न! म्हणून वळण मोजणारे वेगळे यंत्र लावावे लागते आणि ओळींची मोजणीही ठेवावी लागते. "मोबाइलमधला जीपीएस लावा की," असे कोणी म्हणेल. पण मोबाइलचा जीपीएस तीन-पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतो, म्हणजे तेवढ्यात चार-सहा तास चुकले. सेंटिमीटरपर्यंत अचूक यंत्रणा असते, पण ती महाग. बैलाला तास कळतो तो जीपीएसने नव्हे. वर उल्लेखिलेल्या युरोपातील स्पर्धेतही तास शोधताना उपग्रहाची मदत बऱ्याच वर्षी नियमातच बसत नव्हती. रोबोने पीक पाहूनच वाट काढायची.

आपले वावर वेगळे

आता कोणी म्हणेल, मग तिकडचाच रोबो आणून वापरावा. तसे चालणार नाही. हॉलंडचा मका आणि आपली पराटी यात फरक आहे, मातीत तर त्याहून मोठा आहे.

आपली काळी जमीन पाणी पडले की फुगते आणि वाळली की भेगा पडतात. पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते की चार पावलांत चाकाचा लाडू होतो. खाचा असलेले चाक तर अधिकच भरते. मग चाकाला खरडणी लावायची का? चाकाऐवजी पट्टा घ्यायचा का? की पावसानंतर किती दिवसांनी रोबो वावरात उतरवायचा याचा नियमच करायचा? वाफसा आला की नाही हे पायाने चाचपून सांगणारा शेतकरी मुलांच्या संघात असेल, तर हे प्रश्न पहिल्याच दिवशी पुढे येतील. नसेल तर स्पर्धेच्या दिवशी येतील.

अंतराचेही तसेच. सोयाबीन दीड फुटावर, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर. कपाशी कोणाची तीन फुटांवर, कोणाची चार फुटांवर. सोयाबीनच्या तासात जायला यंत्र पाऊण-एक फुटाचे हवे, नाही तर ओळीला दोन्ही पायांत घेऊन चालणारे उंच हवे. पराटीत जुलैत दिसणारी मोकळी जागा सप्टेंबरात फांद्यांनी बुजलेली असते. शिवाय आपली ओळ सरळ कोठे असते? उतार पाहून पेरणी करावी लागते, मध्ये दगड, मध्ये निंबाचे झाड, कोपऱ्यात वावर निमुळते. हे सगळे ध्यानात घेऊन बनवलेले यंत्र परदेशातून येणार नाही. ते इथल्याच पोरांना बनवावे लागेल.

पहिले काम फवारणीचे

रोबोला वावरात कोणते काम द्यावे? माझे मत स्पष्ट आहे. पहिले काम फवारणीचे.

२०१७ सालचा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो माणसे दवाखान्यात गेली. त्या वर्षी पराटी डोक्याएवढी वाढली होती. फवारा वरच्या फांद्यांवर उडत होता आणि परत तोंडावर येत होता. त्यानंतर सुरक्षा किट आले, सभा झाल्या, पत्रके वाटली. पण भर उन्हात, दमट हवेत ते किट घालून दिवसभर कोण वावरणार? माणूस थोड्या वेळाने काढून ठेवतो, ही वस्तुस्थिती आहे.

हिशेब करून पाहा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. चार फुटांवर लावलेल्या कपाशीत एकरभर सगळ्या तासांतून एकदा फिरायचे तर सुमारे ३,३२० मीटर चालावे लागते, म्हणजे सव्वातीन किलोमीटरहून थोडे जास्त. एकरी दोनशे लिटर पाणी धरले तर सोळा लिटरचे साडेबारा पंप होतात. पाठीवर सोळा किलो वजन, तोंडासमोर औषधाचा धूर आणि सव्वातीन किलोमीटरची चाल. हे एका एकराचे आणि एका फवारणीचे झाले. पाच एकरांचे नि हंगामातल्या सगळ्या फवारण्यांचे गणित ज्याने त्याने करावे.

आता हेच काम स्पर्धेतल्या रोबोला द्या. सेकंदाला अर्धा मीटर या संथ चालीने तो गेला तरी एकरभर फिरायला दोन तासांच्या आत-बाहेर लागतील, वळणांचा वेळ थोडा वेगळा. त्याला श्वास घ्यायचा नाही. मात्र सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो ओझे आले. ते कोठे ठेवायचे म्हणजे गाडी उलटणार नाही? पाणी कमी होत गेले की तोल बदलतो, त्याचे काय? बॅटरी किती वेळ पुरेल? मुलांना डोके खाजवायला लावणारे हे खरे प्रश्न आहेत, आणि यांतील एकाचे जरी उत्तर मिळाले तरी कोणाच्या तरी घरचा माणूस वाचेल.

"आता ड्रोन आले, मग जमिनीवरचा रोबो कशाला?" हाही प्रश्न येतो. ड्रोन चांगलाच आहे. २०२३ साली केंद्र सरकारने महिला बचत गटांना ड्रोन देण्याची 'नमो ड्रोन दीदी' योजनाही मंजूर केली. पण ड्रोन वरून फवारतो. तुडतुडे, पांढरी माशी पानाच्या खालच्या अंगाला बसतात. दाटलेल्या पराटीत खालच्या पानापर्यंत औषध पोचवणे वरून अवघड, तासातून चालणाऱ्या यंत्राला त्यामानाने सोपे. दोघांनाही आपापले काम आहे.

एक मात्र बजावून सांगतो. रोबो आला तरी औषध कालवणे आणि टाकी भरणे माणसाच्याच हातात राहणार. म्हणून हातमोजे, मास्क, वाऱ्याच्या उलट न फवारणे, उपाशीपोटी न फवारणे, काम झाल्यावर साबणाने अंग धुणे, हे नियम कालही होते, आजही आहेत आणि रोबो आल्यावरही राहतील.

मजुरांचे काय?

यावर एक आक्षेप येतो तो गंभीर आहे. रोबो निंदण करू लागला तर निंदणाला जाणाऱ्या बायांनी काय करायचे? गावात भूमिहीन घरे आहेत. आषाढ-श्रावणात त्यांची चूल निंदणाच्या मजुरीवर पेटते. "मजूर मिळत नाही" ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, आणि "काम गेले तर खायचे काय" ही मजुराची काळजीही तेवढीच खरी आहे. यंत्राच्या नावाने एकाला हसवून दुसऱ्याला रडवणे ही काही प्रगती नव्हे.

म्हणूनच मी निंदणाआधी फवारणीचे नाव घेतो. फवारणी हे असे काम आहे की जे माणसाच्या हातून सुटले तर मजुराचेच भले आहे. फवारणी करून जो मेला तो बहुतेक वेळा स्वतः राबणारा लहान शेतकरी किंवा मजूरच होता. शिवाय यंत्र आले म्हणजे ते चालवणारे, भरणारे, दुरुस्त करणारे हात लागतातच. ते शिक्षण आधी मजुराच्या घरातल्या मुला-मुलींना आणि बचत गटांतल्या बायांना द्यावे. स्पर्धेच्या परीक्षक मंडळात प्राध्यापकांबरोबर एक शेतकरी आणि एक शेतमजूर बाई बसली पाहिजे. कोणते काम यंत्राला द्यायचे आणि कोणते नाही, हे तिलाही विचारले जाईल तेव्हाच ही विद्या गावाची होईल.

काय करता येईल?

आपल्या राज्यात या दिशेने पाऊल पडलेलेच नाही असे नव्हे. मोटार अभियंत्यांच्या 'एसएई इंडिया' या संस्थेने विद्यार्थ्यांसाठी 'तिफण' नावाचीच स्पर्धा चालवली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ती भरलेली आहे. कांदा काढणीचे यंत्र, भाजीपाल्याची रोपे लावणारे यंत्र असे विषय त्यात देण्यात आले. मुलांनी यंत्र करायचे आणि वावरात चालवून दाखवायचे, हा रस्ता बरोबर आहे. पण राज्यभरात असे एखादेच ठिकाण असून भागणार नाही. कोकणातले भातखाचर, नगरकडचा कांदा आणि वऱ्हाडातली पराटी यांना एकच यंत्र कसे चालेल? प्रत्येक जिल्ह्याची आपली स्पर्धा हवी. त्यासाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

एक. जिल्ह्यातील इंजिनिअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक आणि कृषी विद्यालय यांनी मिळून संघ करावेत. मोटार जोडणारा मुलगा आणि पीक ओळखणारी मुलगी एका संघात असली पाहिजे. आज दोघे एकमेकांच्या दारातही जात नाहीत.

दोन. मैदान म्हणून दोन-चार गुंठे पुरतात. ग्रामपंचायतीची जागा असेल तर ठराव करून द्यावी, कृषी खात्याच्या बीजगुणन क्षेत्रावर जागा असेल तर ती मागावी. तेथे सोयाबीन आणि कपाशी आपल्या नेहमीच्या अंतरावर आणि नेहमीच्या पद्धतीने पेरावी. ओळी मुद्दाम सरळ करू नयेत, नांगे भरू नयेत. जशी शेती तशी परीक्षा.

तीन. स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात, पीक उभे असताना घ्यावी. कॉलेजांच्या सोयीने फेब्रुवारीत घेतली तर वावरात नुसती पऱ्हाटी उभी असते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवारफेरी भरते, तेव्हा शेतकरी आपण होऊन हजारोंनी येतात. त्याच वेळी एका प्लॉटवर ही मुले रोबो चालवताना दिसली तर काय बिघडेल? परीक्षा शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत होईल.

चार. नियम सोपे ठेवावेत. हात न लावता चार तास चालणे, तीन वेळा धुऱ्यावर वळणे, ठरलेल्या झाडांवर साधे पाणी फवारणे. औषध मुळीच नाही, फक्त पाणी. पानाच्या खालच्या बाजूला रंग बदलणारा कागद लावला की फवारा पोचला की नाही ते समजते. झाड मोडले तर दंड. आणि माणूस जवळ आला की यंत्र आपोआप थांबलेच पाहिजे, नाही तर संघ बाद. वावरात लेकरे, गुरे, कुत्री फिरत असतात.

पाच. खर्चाला मर्यादा घालावी. लाखाचा रोबो करून जिंकण्यात अर्थ नाही, तो पाच एकरवाल्याच्या कामाचा नाही. ठरलेल्या रकमेत, तालुक्याच्या गावी मिळणारे सामान वापरून आणि गावच्या वेल्डिंगवाल्याकडे दुरुस्त होईल असे यंत्र करणाऱ्याला जादा गुण द्यावेत. तो वेल्डिंगवाला संघाचा गुरुजी झाला तरी हरकत नाही.

सहा. यंत्र कसे बनवले आणि कोठे फसले ते प्रत्येक संघाने मराठीत लिहून द्यावे आणि ते सगळ्या शाळा-कॉलेजांना वाटावे. जिंकलेल्याचे तर लिहावेच, पण चिखलात अडकलेल्याचे आधी लिहावे. पुढच्या वर्षीच्या पोरांना त्याचाच उपयोग जास्त.

शाळांनाही यात भाग घेता येईल. २०१६ पासून केंद्राच्या अटल नवोपक्रम मोहिमेखाली सहावी ते बारावीच्या मुलांसाठी 'अटल टिंकरिंग लॅब' दिल्या गेल्या. निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत मदत मिळत आली आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत पन्नास हजार सरकारी शाळांना अशा लॅब देण्याची घोषणा झाली. आपल्या गावच्या किंवा जवळच्या शाळेत अशी लॅब आहे काय, हे सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांना विचारावे. असेल तर ती उघडी असते काय, हेही विचारावे. कुलूप लावलेल्या खोलीत ठेवलेल्या मोटारी आणि पोत्यात कुजलेले बियाणे यांत फरक नाही.

काही प्राध्यापक म्हणतील की वावर सपाट नसते, ऊन एकसारखे नसते, त्यामुळे स्पर्धा सगळ्यांना सारखी होत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, असे त्यांना म्हणणार नाही, कारण अडचण खरी आहे. पण शेतकऱ्याला दरवर्षी हीच वाकडी परीक्षा द्यावी लागते. त्याने कधी पावसाला सांगितले नाही की माझे वावर आधी सपाट करू दे, मग पड.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, यात तुमचेही एक काम आहे. तुमचा किंवा शेजाऱ्याचा मुलगा, मुलगी कॉलेजात असे काही बनवत असेल तर त्यांना सुट्टीत यंत्र घेऊन घरी बोलवा. एखादे तास मोकळे करून द्या. यंत्र अडकले तर हसू नका, का अडकले ते सांगा. वाफसा, ढेकूळ, नांगे, धुरा हे शब्द त्या मुलांच्या पुस्तकात नाहीत, ते तुमच्याजवळ आहेत. आणि विद्यार्थी मित्रांनो, बक्षिसाचा कप कपाटात राहील, पण तुमचे यंत्र एका बापाच्या पाठीवरचा पंप जरी उतरवू शकले, तरी फी भरताना विकलेल्या कापसाचे चीज झाले असे समजा.